आपल्याच वर्गाचा अभ्यास कसा करायचा? शिक्षक वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी शहरातल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्यांची पत्रं खूप आली आणि बहुतेकांचा विषय एकच, कृतिसंशोधन. म्हणजे आपण वर्गात काय करतो, कसं करतो आणि त्याने मुलांचं काय होतं हे आपणच शोधायचं. काहींना ते वरून सांगितलंय म्हणून करायचंय, काहींना मनापासून करायचंय, पण अडचणी दोघांच्याही सारख्याच निघाल्या. मोठी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी सहावीला भाषा शिकवते, वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. शाळेने प्रत्येकाला एक कृतिसंशोधन करायला सांगितलंय. मी विषय घेतलाय 'विद्यार्थ्यांमधील वाचनाच्या आवडीचा अभाव : कारणे व उपाय'. सहकारी म्हणतात विषय छान आहे, पण माझी सुरुवातच होत नाहीये. कारणं लिहायला बसले की घरी जागा नाही, पालकांना वेळ नाही, मोबाइल, एवढंच सुचतं. पुढे काय करू?

उत्तर : ताई, सुरुवात होत नाहीये कारण विषयच असा घेतलाय की त्यात तुम्हाला करण्यासारखं काही उरलेलं नाही. बघा ना, अभाव मुलांमध्ये, कारणं मुलांच्या घरात, आणि उपाय मात्र तुमच्याकडून हवेत! शहरातल्या शाळांवरच्या अहवालांमध्ये हे फार दिसतं आणि मला ते मनापासून खटकतं, कारण त्यात मुलांची परिस्थिती हेच उत्तर म्हणून आधी ठरवलेलं असतं आणि मग शिक्षक जे करतो ते तपासायचंच राहून जातं. घरी जागा नाही हे खरं असेलही, पण ती जागा तुम्ही वाढवू शकत नाही, आणि तुमच्या तासाला जे घडतं ते मात्र बदलू शकता. म्हणून पहिली अट माझी एवढीच की प्रश्नात 'मी' आलं पाहिजे. मी पुस्तक ठरवून देते तेव्हा आणि मुलांना निवडू देते तेव्हा कोण वाचत राहतं? मी धडा वाचून दाखवताना मध्ये थांबून प्रश्न विचारते ते नक्की कोणाकोणाला जातात? जोरात वाचायला मी कोणाला उठवते आणि कोणाला कधीच उठवत नाही?

हे प्रश्न लहान वाटतील, 'संशोधन' म्हणायला संकोचही वाटेल, पण किती लहान गोष्टीतून किती निघतं याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या अभ्यासक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून एकच गोष्ट मोजली, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात. तर साधारण एक सेकंद. एका सेकंदात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तोच वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, गप्प बसणाऱ्या आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली, एकमेकांच्या बोलण्यावरही बोलायला लागली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जी मुलं हुशार समजली जात होती त्यांच्यासाठी शिक्षक जास्त थांबत होते आणि कच्ची समजलेल्यांसाठी कमी, म्हणजे ज्याला वेळ जास्त हवा त्यालाच तो कमी मिळत होता, आणि हे कोणी मुद्दाम करत नव्हतं, कोणाच्या लक्षातही नव्हतं. आता विचार करा, तुमच्या पन्नास जणांच्या वर्गात याचा अर्थ काय होतो.

तर असं करा, पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका. उपाय नको, उपक्रम नको, फक्त बघा आणि लिहा. लिहिताना जे दिसलं, ऐकू आलं तेच लिहायचं, त्यावरचं आपलं मत वेगळ्या रकान्यात. 'ती लक्ष देत नव्हती' हे मत झालं. 'मी धडा वाचत असताना ती पुस्तकाची मागची पानं उलटत होती, चित्रापाशी थांबली, शेजारणीला काहीतरी दाखवलं' ही नोंद झाली, आणि या नोंदीवरून तर उलट असं वाटतं की ती वाचतच होती, फक्त तुमच्या पानावर नव्हती. सगळ्या मुलांवर लक्ष ठेवायला जाऊ नका, ते होणार नाही. सहा मुलं निवडा, त्यातली दोन तरी अशी घ्या ज्यांच्याबद्दल तुम्हाला पटकन काहीच सांगता येत नाही, कारण मोठ्या वर्गात मस्तीखोर आणि हुशार दोन्ही लक्षात राहतात, मधली मुलं वर्षभर दिसतच नाहीत.

दोन आठवड्यांनी विषयाचं नाव आपोआप बदलेल, मुलांमधला अभाव त्यातून जाईल आणि तुमच्या एखाद्या कृतीचं नाव येईल. शाळेने आधीचंच शीर्षक ठेवा म्हटलं तर ठेवा, काम मात्र नव्या प्रश्नावर करा.

प्रश्न : मी गणिताचा शिक्षक आहे आणि मला हा सगळा प्रकारच पटत नाही. एक वर्ग, तुलनेला दुसरा गट नाही, शिकवणारा मीच, मोजणारा मीच, निष्कर्ष काढणारा पण मीच. याला संशोधन कसं म्हणायचं? आमच्याकडे सगळे पूर्वचाचणी घेतात, मग उपक्रम, मग उत्तरचाचणी, आणि प्रत्येकाचे गुण वाढलेले असतात. कधीच कोणाचे कमी होत नाहीत.

उत्तर : सर, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि पूर्वचाचणी-उत्तरचाचणीबद्दल तर तुम्ही म्हणताय त्याहून जास्त शंका घ्यायला हवी. आपण काय करतो, चाचणी घेतो, त्यातली सगळ्यात कमी गुणांची मुलं निवडतो, त्यांच्यावर उपक्रम करतो आणि परत चाचणी घेतो. पण एखाद्या दिवशी सगळ्यात खाली आलेल्या मुलांमध्ये काही अशी असतातच ज्यांचा तो दिवस वाईट गेलेला असतो, ताप होता, झोप झाली नव्हती, प्रश्न नेमके न आलेल्या भागावर आले. त्यांचीच पुन्हा चाचणी घेतली तर काहीही न करतासुद्धा सरासरी थोडी वर जाणारच, संख्याशास्त्रात हा जुना, माहीत असलेला परिणाम आहे. त्यात मधल्या काळात मुलं तशीही शिकत असतात, शिवाय त्याच धर्तीचा पेपर दुसऱ्यांदा सोडवताना सोपा जातो. मग टक्केवारी. बारा मुलं घेतली तर एक मूल म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त, दोघांची उत्तरं बरोबर आली की अहवालात 'सुमारे १७ टक्के वाढ' असं भारदस्त वाक्य येतं. बारापैकी दोघं असं लिहा ना, ते खरं आहे आणि समजतंही.

पण म्हणून शिक्षकाने स्वतःच्या वर्गात शोध घेणं फोल आहे असं मला अजिबात वाटत नाही. हा विचार आला कुठून ते थोडं सांगते. कृतिसंशोधनाची कल्पना मांडली कर्ट लेविन या समाजमानसशास्त्रज्ञाने, १९४६ मध्ये, आणि ती शाळेसाठी नव्हतीच, समाजातल्या गटागटांतले संबंध सुधारण्यासाठी होती. योजना, कृती, निरीक्षण, विचार, परत योजना, असं चक्र. शाळांमध्ये ती आणण्यात न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधले स्टीफन कोरी पुढे होते, १९५० च्या आसपास. मग ब्रिटनमध्ये १९७५ साली शिक्षणाचे अभ्यासक लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी आग्रहाने म्हटलं की शिकवण्याचा अभ्यास फक्त बाहेरून येऊन कोणी करून चालणार नाही, शिक्षकांनी तो स्वतः केला पाहिजे. संशोधन म्हणजे त्यांच्या मते पद्धतशीर शोध, जो इतरांपुढे मांडलेला असतो. या दोन अटी बघा, पद्धतशीर आणि इतरांपुढे मांडलेला. यात मोठा नमुना असलाच पाहिजे असं नाही, पण दुसऱ्याला तपासता येईल असं मात्र हवं.

आणि तुमची जी खरी अडचण आहे, सगळं मीच, त्यावर तेव्हाच उपाय शोधला गेला होता. १९७३ ते १९७५ या काळात इंग्लंडमध्ये फोर्ड टीचिंग प्रोजेक्ट झाला, म्हणजे शिक्षकांनी स्वतःच्या वर्गाचा अभ्यास करायचा प्रकल्प, जॉन एलियट आणि क्लेम एडेलमन त्यात होते. त्यांची रीत अशी की एकाच तासाबद्दल तीन बाजूंनी ऐकायचं, शिक्षकाला काय वाटलं, मुलांना काय वाटलं आणि मागे बसून बघणाऱ्याला काय दिसलं. तिन्ही जुळलं तर ठीक, आणि जिथे जुळत नाही तिथे तर हमखास काहीतरी शिकण्यासारखं असतं. शिक्षक म्हणतो मी मोकळे प्रश्न विचारले, मुलं म्हणतात सरांच्या मनात एक उत्तर होतं ते आम्ही ओळखत होतो. गणिताच्या तासाला तर हे फारच होतं ना? तुम्ही एकदा करून बघा, एका तासानंतर पाच-सहा मुलांना चिठ्ठीवर लिहायला सांगा, आज सरांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांना स्वतःलाही ऐकायचं होतं? आणि तेच शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला विचारा.

तुमचा निष्कर्ष 'या पद्धतीने गणित सुधारतं' असा नसेलच, तो असा असेल की माझ्या वर्गात, या मुलांबरोबर, मी हे बदललं तेव्हा हे घडलं, आणि ज्या मुलांच्या बाबतीत घडलं नाही ती ही. एवढा दावा एका वर्गाला झेपतो.

प्रश्न : चिंतन-डायरी रोज लिहा म्हणतात. पाठोपाठ तास, मग वह्या, मग ऑनलाइन माहिती भरणं. कधी लिहायची?

उत्तर : रोज लिहू नका. आठवड्यातून दोन ठरलेले तास, आणि तास संपल्या संपल्या तीन ओळी, त्यात एक मुलाच्या तोंडचं वाक्य, जसंच्या तसं. फोनवर बोलून ठेवलं तरी चालेल. संध्याकाळी आठवून लिहिलेलं दोन पानी चिंतन वाचायला छान असतं पण मुलांचे शब्द त्यात उरत नाहीत. माणसं कामातून कशी शिकतात याचा अभ्यास करणारे डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये फरक केला होता, काम करता करता होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला वेगळा. पहिला तर तुम्ही करताच, फळ्यावर लिहिता लिहिता उदाहरण बदलता तेव्हा तो झालेलाच असतो, फक्त निसटून जातो. तेवढा पकडायचा.

प्रश्न : माझ्या वर्गात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा पाच-सहा तरी आहेत आणि वर्षाच्या मध्ये मुलं येतात जातात, कामाच्या शोधात आईवडील जागा बदलतात. पहिल्या चाचणीच्या वेळची बरीच मुलं दुसऱ्या चाचणीला नव्हती. माझा डेटाच फुटला. मार्गदर्शक म्हणाले की जी दोन्हीकडे आहेत तेवढीच घ्या. आणि दुसरं, काही मुलं मधल्या सुट्टीत शाळेची भाषा घडाघडा बोलतात आणि पेपरात काहीच लिहीत नाहीत, हा आळसच ना?

उत्तर : आधी डेटाचं. दोन्हीकडे असलेल्या मुलांची तुलना तीच मुलं तेव्हा आणि आता अशी करा, ते बरोबर आहे, पण पूर्ण वर्गाची आधीची सरासरी आणि उरलेल्यांची नंतरची सरासरी कधीही शेजारी ठेवू नका. समजा पन्नास मुलं होती, वीसपैकी सरासरी १२. त्यातली दहा गेली आणि त्या दहांची सरासरी ७ होती. उरलेल्या चाळीसांची सरासरी झाली १३.२५. कोणी एक अक्षरही नवीन शिकलं नाही आणि अहवालात प्रगती दिसायला लागली! आणि उलटंही होतं, एखादा शिक्षक जीव तोडून शिकवतो आणि चाचणीच्या आधी नवीन मुलं आली म्हणून त्याचा आकडा खाली जातो, हे फार अन्यायाचं आहे, म्हणून किती गेली, किती आली, कधी आली हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा.

पण माझं म्हणणं त्याच्याही पुढे आहे. येणारी जाणारी मुलं हा तुमच्या डेटातला बिघाड नाहीये, शहरातला वर्ग असाच असतो, मग त्याचाच प्रश्न का करू नये? मध्येच आलेलं मूल पहिल्या आठवड्यात कोणाशी बोलतं, त्याला मी कुठे बसवते, जुन्या शाळेत काय शिकून झालंय हे मी त्याला विचारते की चाचणी घेऊन ठरवते, गटात त्याला पहिलं काम कधी मिळतं? आणि जाणारं मूल माझ्याकडून काय घेऊन जातं, निदान त्याच्या कामाचे चार नमुने आणि पुढच्या शिक्षकासाठी एक पान? एकट्या शिक्षिकेला हे सगळं झेपेल असं म्हणत नाही मी, पण यातला एक प्रश्न घेतला तरी तो पूर्वचाचणी-उत्तरचाचणीपेक्षा तुमच्या शाळेच्या जास्त उपयोगाचा आहे.

आता आळस. नाही, बहुतेक वेळा नाही. दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला आणि तो प्रत्येक शहरी शिक्षकाला माहीत हवा असं मला वाटतं. खेळताना, गप्पा मारताना लागणारी भाषा मूल साधारण दोनेक वर्षांत पकडतं कारण तिथे हातवारे असतात, समोर वस्तू असते, समोरचा माणूस मदत करतो. पाठ्यपुस्तकाची आणि पेपराची भाषा मात्र वेगळी आहे, 'कारणे द्या', 'तुलना करा', 'त्यामुळे', 'याउलट', आणि त्यात बरोबरीच्या मुलांना गाठायला नव्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मधल्या सुट्टीतलं बोलणं ऐकून आपण समजतो याला भाषा येते, आणि मग पेपर कोरा दिसला की आळशी म्हणून मोकळे होतो. तुम्ही हे तपासू शकता. एखाद्या धड्यावर आधी मुलांना जोडीत आपापल्या भाषेत बोलू द्या, मग शाळेच्या भाषेत सांगायला लावा, आणि दुसऱ्या धड्याला नेहमीसारखं थेट विचारा. कोण बोललं, किती बोललं, कोणत्या शब्दाला अडलं एवढं लिहा. त्यांची भाषा तुम्हाला येत नसली तरी चालतं, मुलं काय बोलली ते त्यांनाच सांगू द्या. एकाच भाषेचं एकटंच मूल असेल तर त्याला आधी स्वतःच्या भाषेत लिहू द्या किंवा चित्र काढून बोलू द्या.

प्रश्न : मुलांशी बोलणं रेकॉर्ड केलं तर परवानगी लागते का? माझेच विद्यार्थी आहेत. नावं बदललीच आहेत.

उत्तर : तुमचेच विद्यार्थी आहेत म्हणूनच जास्त जपायला हवं, कारण ती तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. स्वतःचं शिकवणं सुधारण्यासाठी वहीत नोंद ठेवणं हा कामाचा भाग झाला, पण रेकॉर्डिंग करायचं असेल, फोटो काढायचे असतील किंवा वर्गाबाहेर काही मांडायचं असेल तर पालकांना त्यांना कळेल त्या भाषेत सांगून विचारा, मुख्याध्यापकांना सांगा, आणि मुलालाही विचारा. मूल नको म्हणालं तर उपक्रमात त्याला घ्यायचंच, फक्त त्याचं काम अहवालात घ्यायचं नाही, आणि याचा गुणांशी काही संबंध नाही हे आधी स्पष्ट बोला. रेकॉर्डिंग कधी पुसणार ते ठरवा, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

नाव बदललं म्हणजे झालं असं नसतं. वर्गात एका भाषेचं एकच मूल असेल किंवा वडिलांचं काम लिहिलं असेल तर शाळेतल्या कोणालाही कळतं कोण ते. असा तपशील निष्कर्षाला लागतच नसेल तर काढून टाका. आणि मुलाने घरातली काही काळजीची गोष्ट सांगितली तर ती डेटा नाही, तिथे वही बंद करून शिक्षक म्हणून जे करायचं ते करा.

अजून एक, मुलं तुम्हाला आवडेल तेच सांगतात. 'नवीन पद्धत आवडली का?' याला पन्नासच्या पन्नास हात वर येतील. त्याऐवजी दुसऱ्या वर्गातल्या मित्राला हा तास कसा असतो ते सांग, असं निनावी चिठ्ठीवर लिहायला द्या.

प्रश्न : मी गटकामाचा प्रयोग केला आणि काहीच फरक पडला नाही, दोन गटांत तर उलट भांडणंच वाढली. अहवाल द्यायची तारीख जवळ आली आहे. काय लिहू?

उत्तर : हेच लिहा. भांडण कशावरून झालं, कोणी काम केलं, कोणी वही ओढून घेतली, तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात. ज्या गटांत भांडण झालं नाही तिथे कामाची वाटणी कशी होती? मला तर वाटतं तुमच्याकडे बऱ्याच यशस्वी अहवालांपेक्षा जास्त माहिती आहे, कारण पुढच्या वर्षी गटकाम करणाऱ्या शिक्षकाला ते कुठे फसतं हेच हवं असतं आणि तेच कुठे लिहिलेलं सापडत नाही. शाळेला यशाचा रकाना भरून हवा असेल तर तिथे 'अपेक्षित बदल दिसला नाही, पुढील फेरीत गटातील भूमिका आधी ठरवून देणार' असं लिहा. खोटे गुण भरू नका, ते आकडे मुलांच्या नावावर लागतात आणि मग ज्याला खरंच मदत हवी तो सुधारलेल्यांच्या यादीत जाऊन बसतो.

प्रश्न : आम्ही चार-पाच शिक्षिका महिन्यातून एकदा बसायचं म्हणतोय, आपापल्या वर्गाबद्दल बोलायला. पण दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा नुसत्या तक्रारीच झाल्या. कसं बसायचं?

उत्तर : तक्रारी होणारच, त्याला पहिली दहा मिनिटं द्या आणि मग घड्याळ लावून थांबा. नंतर मध्ये काहीतरी ठेवायचं, एका मुलाचं एक काम. वहीचं पान, चित्र, निबंध. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९६५ साली प्रॉस्पेक्ट नावाची शाळा सुरू झाली, तिथल्या पॅट्रिशिया कारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मुलाबद्दल एकत्र बसून बोलायची एक शिस्त घडवली. एक शिक्षिका मुलाचं वर्णन करते, पाच बाजूंनी: त्याचं वावरणं आणि हावभाव, त्याचा स्वभाव, इतरांशी असलेलं नातं, त्याला मनापासून काय आवडतं, आणि ते विचार कसा करतं, शिकतं कसं. हुशार, ढ, चंचल, मंद असली लेबलं वापरायची नाहीत. बाकीचे मध्ये बोलत नाहीत, नंतर एकेक करून प्रश्न विचारतात आणि मगच काही सुचवतात. फिलाडेल्फियामधल्या शहरी शाळांतल्या शिक्षकांच्या एका गटाने १९७८ पासून एकमेकांच्या घरी जमून ही रीत वर्षानुवर्षं चालवली, कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःसाठी.

तुम्ही पुढच्या वेळी एवढंच करा. एकीने एक पान आणायचं, मुलाचं नाव झाकून. पहिल्या फेरीत प्रत्येकीने फक्त काय दिसतंय ते सांगायचं, खोडाखोड कुठे आहे, ओळ कुठे सुटली, कोणता शब्द दोनदा आलाय. 'अक्षर घाण आहे' असं कोणी म्हटलं तर 'म्हणजे काय दिसतंय?' असं विचारायचं. दुसऱ्या फेरीत या मुलाला काय येतंय ते सांगायचं, येत नाही ते नाही. ज्या बाईंचं ते मूल आहे त्यांनी शेवटी बोलायचं, मध्ये अजिबात नाही, कितीही सांगावंसं वाटलं तरी. आणि उठायच्या आधी त्यांनी एक ओळ लिहायची, उद्या या मुलाशी मी काय वेगळं करणार, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या ओळीचं काय झालं तिथून करायची.